बेवारस राज्ये आणि तिलिस्माचे वारस

चुनारजवळच्या एका पडक्या वास्तूत पांढऱ्या संगमरवराचा एक भलाथोरला बगळा उभा आहे. कोणी त्याच्या फार जवळ गेले की तो चोच उघडतो आणि माणसाला सबंध गिळून टाकतो. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ या कादंबरीतील हा बगळा हिंदी वाचकांच्या चार-पाच पिढ्यांच्या ओळखीचा आहे. मराठी वाचकांना ‘चंद्रकांता’ ठाऊक आहे ती बहुतेक १९९४ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या मालिकेमुळे. त्या मालिकेतील क्रूरसिंहाचे ‘यक्कू’ अजूनही चाळिशीतल्या मंडळींच्या तोंडी येते. पण मालिकेने मूळ कथेशी इतकी मोकळीक घेतली होती की तिच्यावरून कादंबरीची कल्पना करणे म्हणजे जत्रेतल्या पाळण्यावरून देवळाची कल्पना करण्यासारखे आहे.

या बगळ्याची मौज अशी की तो पुढे उलगडतो. त्याचे रहस्य बाहेर येते तेव्हा पोटातून मंत्र निघत नाही, निघते ती यंत्ररचना. कोणी बनवली, कशासाठी बनवली, ती कशाने चालते, याचा हिशेब लेखक वाचकाला देतो. आणि नवल असे की हा हिशेब मिळाल्यावर अद्भुताचा आनंद ओसरत नाही, वाढतो. आमच्या मते या वाढीव आनंदाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय ‘चंद्रकांता’चे ऐतिहासिक स्थान समजत नाही. ते समजून घेण्याचा येथे प्रयत्न आहे.

आमच्या वर्गातील जी मुले आज इंग्रजीतील जाडजूड कल्पनारम्य कादंबऱ्या वाचतात त्यांच्या तोंडी ‘मॅजिक सिस्टिम’ हा शब्द सहज असतो. ब्रँडन सँडरसन यांच्या २००६ मधील ‘मिस्टबॉर्न’ या कादंबरीत काही निवडक माणसे धातूचे कण गिळतात आणि पोटात ते ‘जाळून’ शक्ती मिळवतात. एका धातूने बळ वाढते, दुसऱ्याने इंद्रिये तीक्ष्ण होतात, धातू संपला की शक्ती संपली. याच लेखकाने २००७ साली एक नियम मांडला. त्याचा आशय असा, की वाचकाला जादू जितकी नीट समजलेली असेल तितक्याच प्रमाणात लेखकाने तिच्या साहाय्याने कथेतील पेच सोडवला तर तो वाचकाला पटतो. नियम चांगला आहे. मात्र तो नवा आहे असे समजणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही काशीच्या एका जंगल-ठेकेदाराकडे पाठवतो.

अर्थात खत्रींच्याही आधी लखनौ आहे. अमीर हमजाची दास्तान फारसीतून भारतात आली, अकबराने तिची सोळाव्या शतकात भव्य सचित्र पोथी करवून घेतली, आणि पुढे उर्दू दास्तानगोंच्या तोंडी ती इतकी फुगली की मूळ हमजा तिच्यात शोधावा लागावा. या विस्ताराचे शिखर म्हणजे ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. मुन्शी नवलकिशोर यांच्या लखनौच्या छापखान्यातून १८८३ ते १८९३ या दहा वर्षांत तिच्या सात जिल्दी बाहेर पडल्या. पहिल्या चार मुहम्मद हुसेन जाह यांच्या, पुढच्या अहमद हुसेन कमर यांच्या. ‘तिलिस्म’ हा शब्द मूळचा ग्रीक ‘तेलेस्मा’. अरबी-फारसीतून तो आपल्याकडे आला आणि दुसऱ्या वाटेने इंग्रजीत जाऊन ‘टॅलिसमन’ झाला. इंग्रजीत त्याचा अर्थ गळ्यात बांधायच्या ताईतापुरता उरला. उर्दूत मात्र तिलिस्म म्हणजे एक सबंध बांधलेले जग.

होशरुबाचे जग दृश्य, अदृश्य आणि अंधारमय अशा प्रदेशांत विभागलेले आहे. दृश्य आणि अदृश्य यांच्यामध्ये रक्ताची नदी वाहते. सम्राट अफरासियाब हा तेथील जादूगारांचा बादशहा. तिलिस्माला आयुष्य नेमून दिलेले असते, तो फोडणारा कोण हे आधीच ठरलेले असते आणि त्यासाठी लागणारी ‘लौह’, म्हणजे सूचना कोरलेली पाटी, कोठेतरी दडवून ठेवलेली असते. जादूगार मेला की वादळ उठते, अंधार होतो आणि अंतराळातून आवाज येतो : मला मारले, माझे नाव अमुक होते. म्हणजे मृत्यूचीसुद्धा रीतसर नोंद! हजारो पृष्ठांच्या त्या पसाऱ्यात कोणीही काहीही करू शकेल असे वरवर वाटते, पण तसे नाही. प्रत्येक जादूला उतारा आहे, प्रत्येक शक्तीला हद्द आहे. तरीही हे नियम अखेर जादूचेच नियम आहेत. जादू का चालते हे तेथे कोणी विचारत नाही.

खत्रींनी नेमका हाच प्रश्न विचारला. १८६१ साली जन्मलेल्या या गृहस्थाकडे काशीच्या महाराजांच्या कृपेने चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका होता. त्या निमित्ताने विंध्याच्या रांगांतले किल्ले, गुहा, झरे, भुयारे त्यांनी पायाखाली घातली. १८८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ‘चंद्रकांता’ लिहायला घेतली. पुढे ‘चंद्रकांता संतति’ चोवीस भागांत आली, १८९८ साली त्यांनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला, आणि हा सारा पसारा वाचकांच्या पैशावर उभा राहिला, राजाश्रयावर नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दास्तानीतल्या दोन गोष्टी खत्रींनी उचलल्या, ऐयार आणि तिलिस्म. आणि दोहोंमधून जादू काढून टाकली.

ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी, वैद्य आणि चोर यांचे एकाच देहातले मिश्रण. हमजाच्या दास्तानीतील अमर ऐयाराकडे ‘जंबील’ नावाची झोळी आहे. तिच्यात सबंध नगरे मावतात, तरी ती भरत नाही. खत्रींच्या तेजसिंहाकडे आहे तो ‘ऐयारीचा बटुवा’. त्याच्यात मावेल तेवढेच मावते : बेशुद्ध करण्याची पूड, शुद्धीवर आणण्यासाठी हुंगवायचा ‘लखलखा’, रंग, खोटे केस, मेणबत्ती, आरसा. जंबिलीचा बटुवा झाला, हे एका वाक्यात सांगता येते, पण हिंदी कथनाच्या इतिहासातील ती एक मोठी घटना आहे. झोळी आटली म्हणून बुद्धीला वाव मिळाला. बटुव्यात नसलेले काही ऐनवेळी काढता येत नाही, आणि हे वाचकालाही ठाऊक असते. त्यामुळे तेजसिंह संकटात सापडला की वाचक त्याच्याबरोबर विचार करू लागतो. वेषांतर इतके सर्रास आहे की समोरचा माणूस खरा की ऐयार हे ठरवायला त्याचे तोंड पाण्याने धुवून बघावे लागते! मित्रांना आपसांत खुणेचे शब्द ठरवावे लागतात. ज्याला आपण आज ओळखपत्राचा प्रश्न म्हणू तो या कादंबरीत पानोपानी आहे.

ऐयारांचा एक धर्मही आहे. पकडलेल्या ऐयाराला जिवे मारायचे नाही, कैदेत ठेवायचे. होशरुबातले ऐयार जादूगारांचे गळे बेलाशक कापतात, खत्रींकडे ही मर्यादा आली. कादंबरीच्या प्रस्तावनेतच ते सांगतात की पूर्वी राजदरबारी ऐयार नोकरीस असत, नाना कलांत ते निपुण असत आणि दोन राजांत युद्ध जुंपण्याची वेळ आली तर फौजा न कापता आपल्या चातुर्याने ते प्रकरण मिटवीत. १८५७ नंतर तीस-पस्तीस वर्षांनी, गंगेच्या ज्या खोऱ्यात फासावर टांगलेल्या माणसांच्या आठवणी अजून ताज्या होत्या तेथे बसून कोणी हे लिहितो, तेव्हा ते निव्वळ करमणुकीचे वाक्य राहत नाही.

आता तिलिस्माकडे वळू. कादंबरीच्या शेवटाकडे जीतसिंह तिलिस्म म्हणजे काय ते समजावून सांगतो. अद्भुत कादंबरीत लेखकाने आपल्या जादूचे शास्त्र मांडून दाखवावे असा हा उतारा आहे, आणि तो मुळातून वाचावा. त्याचा गाभा असा : ज्या राजाजवळ अलोट संपत्ती आहे पण वारस नाही, तो तिलिस्म बांधतो. आपल्या किंवा भाऊबंदांच्या कुळात पुढे कधी लायक, पराक्रमी पुरुष जन्माला येईल काय, याचा तो ज्योतिष्यांकडून शोध घेतो. येणार असे कळले की खजिना पुरून त्याच्याभोवती तिलिस्म उभारायचा, तो अशा रीतीने की त्या पुरुषावाचून दुसऱ्या कोणालाही तो उघडता येऊ नये. त्यासाठी ज्योतिषी, रमल जाणणारे, वैद्य, कारागीर, तांत्रिक अशा सगळ्यांना एकत्र बसवायचे. हल्लीचे लोक खजिना पुरून त्यावर एखादा बळी देतात आणि तो भूत किंवा साप होऊन राखण करतो असे मानतात. जुन्या राजांची रीत ही नव्हती, असेही जीतसिंह बजावतो.

मराठी वाचकाला यातली दुसरी पद्धत चांगली ओळखीची आहे. गुप्तधन, त्यावरचा नाग, पायाळू माणसाला दिसणारा हंडा आणि त्यासाठी द्यावयाचा बळी या समजुतींनी महाराष्ट्रात अगदी अलीकडेपर्यंत माणसे मारली गेली आहेत, आणि २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्यांची दखल घ्यावी लागली. खत्री बळीची पद्धत बाजूस सारतात आणि तिच्या जागी कारागिरांची सभा भरवतात. लोकसमजुतीतले भूत काढून तेथे अभियंता बसवावा, असा हा प्रकार. ज्योतिषी आणि तांत्रिक या सभेत आहेत, ते खत्रींना वगळता आले नाहीत. पण खजिना राखतो तो आता बळीचा आत्मा नव्हे, तर कळ, चाप, चाक आणि रसायन.

पण आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यातला पहिला शब्द : वारस. तिलिस्माचा सबंध कायदा हा वारशाचा कायदा आहे. खजिना कोणाचा, तो कोणी उघडावा, मधल्या काळात त्याला कोणी हात लावू नये म्हणून काय करावे, या प्रश्नांची ती यंत्रबद्ध उत्तरे आहेत. आणि निपुत्रिक राजाच्या संपत्तीचे काय होते, हा एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानात कथेतला प्रश्न नव्हता.

१८४८ साली साताऱ्याचे राज्य दत्तक नामंजूर करून कंपनीने खालसा केले. १८५४ साली झाशी गेली. त्याच वर्षी नागपूर गेले आणि पाठोपाठ नागपूरकर भोसल्यांच्या वाड्यातले जवाहीर, हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. बेवारस राज्य म्हणजे सरकारजमा राज्य, हा धडा १८४८ ते १८५६ या आठ वर्षांत सगळ्या संस्थानांनी शिकून घेतला होता. १८५७ नंतर दत्तकाच्या सनदा मिळाल्या, भीती मात्र गेली नाही. खुद्द काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह १८८९ साली वारले तेव्हा गादीवर आले ते त्यांचे दत्तक पुतणे प्रभुनारायण सिंह. काशीला पूर्ण संस्थानाचा दर्जा मिळायला १९११ उजाडावे लागले. ज्याच्या जंगलांचा ठेका आपल्याकडे आहे त्या राजघराण्यात वारसाचा प्रश्न हयातीतच पाहिलेल्या लेखकाला निपुत्रिक राजाचा खजिना सुचावा, यात आश्चर्य नाही.

याहून नेमका धागा भूगोलात आहे. ‘चंद्रकांता’तील स्थळे काल्पनिक नाहीत. नौगढ, विजयगढ, चुनार ही सगळी काशीच्या दक्षिणेची, जाऊन बघता येणारी ठिकाणे आहेत. ‘संतति’त रोहतासगढ आणि जमानिया येतात, तीही तशीच. यातले चुनार आणि विजयगढ यांना एक इतिहास आहे. १७८१ साली वॉरन हेस्टिंग्ज काशीला आला आणि राजा चेतसिंहाकडून पैसा उकळण्याच्या नादात त्याने राजालाच अटकेत टाकले. शहर उसळले, शिपाई कापले गेले आणि गव्हर्नर जनरलला रातोरात पळून चुनारच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला. पुढे कंपनीच्या फौजेने उलट चाल केली. चेतसिंहाचा शेवटचा आधार होता विजयगढचा किल्ला. तेथे त्याची आई होती आणि त्याचा खजिना होता. मेजर पॉपहॅमच्या सैन्याने त्या वर्षाच्या नोव्हेंबरात किल्ला घेतला. खजिन्यावर हेस्टिंग्जचा डोळा होता, पण अधिकारी आणि शिपायांनी तो लुटीचा माल म्हणून जागच्या जागी आपसांत वाटून घेतला. रिकाम्या हातांनी राहिलेल्या हेस्टिंग्जने मग अवधच्या बेगमांकडे मोर्चा वळवला, आणि पुढे लंडनमध्ये त्याच्यावर जो खटला चालला त्यात काशी आणि बेगमा ही दोन्ही प्रकरणे निघाली.

कादंबरीतल्या चंद्रकांतेचे माहेर विजयगढ आहे. आणि ज्या तिलिस्मातला खजिना वीरेंद्रसिंहाला मिळतो तो चुनारच्या परिसरात आहे. ज्या टापूतला खराखुरा खजिना शंभर वर्षांपूर्वी परक्या फौजेने मोजून वाटून घेतला, त्या टापूत खत्री एक असा खजिना पुरतात की जो चुकीच्या माणसाला सापडूच शकत नाही. चुनारचा राजा शिवदत्त त्याच्या उशाशी बसलेला असूनही त्याला तो मिळत नाही. सैन्याने तिलिस्म फुटत नाही, किल्ला घेतला म्हणून तिलिस्म हाती येत नाही. तो उघडतो ज्याच्या नावाने बांधला त्यालाच. हे साम्य खत्रींनी जाणूनबुजून साधले, असे आम्ही म्हणणार नाही. कादंबरीत इंग्रज नाही, त्याची सावलीही नाही. पण त्या जंगलातून हिंडणाऱ्या, त्या किल्ल्यांच्या कथा ऐकणाऱ्या लेखकाच्या कल्पनेने हेच नियम निवडावेत, दुसरे निवडू नयेत, याला काही कारण असणारच. हिंदी समीक्षेत प्रदीप सक्सेना यांनी तिलिस्मी साहित्याच्या साम्राज्यवादविरोधी स्वरूपावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. आमचा भर विरोधापेक्षा वारशावर आहे, एवढाच फरक.

या वारशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे हे वाचन भाबडे ठरेल. तिलिस्म न्याय करतो, पण तो रक्ताचा न्याय करतो. लायक पुरुष कोण हे त्याच्या जन्माआधीच ठरलेले आहे. तेजसिंह कितीही बुद्धिमान असो, तिलिस्म फोडण्याचा मान त्याचा नाही. चपला ही ऐयारीत पुरुषांना हार न जाणारी स्त्री, कादंबरीतली बहुधा सर्वांत जिवंत व्यक्तिरेखा, तिलाही तो नाही. चंद्रकांता तर नायिका असून कथेचा बराच काळ तिलिस्मात अडकून पडलेली आहे, जणू तीही खजिन्याचाच भाग. शिवाय क्रूरसिंहाच्या पदरचे दोन खल ऐयार नाझिम आणि अहमद आहेत. उर्दू दास्तानीकडून सारी सामग्री घेणाऱ्या कादंबरीने खलांना ही नावे द्यावीत, याकडे काळाचा संदर्भ सोडून पाहता येणार नाही. १८९३ साली काशीत नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली, १९०० साली प्रांताच्या कचेऱ्यांत नागरी लिपीला मान्यता मिळाली. भाषेच्या वारशाचाही तंटा त्याच गावात, त्याच वर्षांत चालू होता. गंमत अशी, की खत्रींची स्वतःची भाषा या तंट्यात कोणत्याही एका बाजूची नाही. ती बाजारात बोलली जाणारी, उर्दू शब्दांना न बिचकणारी सोपी भाषा आहे. सामान्य विषयासाठीसुद्धा वाचकाला कोश धुंडाळावा लागला तर तो दोषच होय, असे त्यांनी ‘संतति’च्या अखेरीस लिहून ठेवले आहे.

आता पुन्हा आनंदाकडे. तिलिस्म फोडताना नायकाच्या हाती एक पुस्तक असते. अमुक दाराशी जा, तमुक खांब हलवू नकोस, हे आधी कर आणि मग ते, अशा सूचना त्यात असतात. ‘संतति’त तर रक्ताने लिहिलेले असे एक पुस्तक आहे आणि त्याच्यासाठी कित्येक माणसे जिवावर उदार होतात. नायक वाचतो, थबकतो, एखाद्या शब्दाचा अर्थ लावतो आणि मग पाऊल टाकतो. चुकीचा अर्थ म्हणजे मृत्यू किंवा कैद. साहित्याच्या अध्यापकांनी यावर थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. येथे पराक्रम म्हणजे वाचन आहे. तलवार आहे, पण ती मुख्य नाही. नायकाच्या खांद्यावरून वाचकही ते पुस्तक वाचत असतो आणि दोघांनाही एकाच वेळी तेवढेच ठाऊक असते. रशियन रूपवाद्यांनी कथनाच्या रचनेविषयी जे सांगितले ते शिकवायला आम्ही दरवर्षी परीकथा घेतो, पण वाचनालाच कृती बनवणारी ही कादंबरी त्याहून सोयीची आहे. आणि हे सारे नुकते अक्षर ओळखू लागलेल्या वाचकवर्गासाठी लिहिलेले होते. ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी अनेकांनी हिंदी शिकून घेतली असे सांगतात, ते याच अर्थाने योग्य वाटते. नागरी अक्षरे ही त्यांच्यापुढची लौह होती.

तरीही साहित्याच्या इतिहासाने या कादंबरीला दारातच उभे केले. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी १९२९ च्या आपल्या इतिहासग्रंथात खत्रींचे ऋण मोकळेपणी मान्य केले, त्यांच्याइतके वाचक दुसऱ्या कोणी निर्माण केले नाहीत असे म्हटले, आणि त्याच दमात या घटनाप्रधान कादंबऱ्या साहित्याच्या कोटीत बसत नाहीत असाही निकाल दिला. वाचक दिले, वाङ्मय नाही दिले. पण ते वाचक पुढे कोठे गेले? प्रेमचंदांनी आपल्या बालपणीच्या आठवणींत गोरखपूरच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे बसून होशरुबाच्या जिल्दी वाचून काढल्याचे सांगितले आहे. हिंदी वास्तववादाचा प्रमुख शिल्पकार तिलिस्मातूनच बाहेर आला, हे शुक्लांच्या कोटीत कसे बसवायचे?

मराठीत हाच निकाल अधिक लवकर लागला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा नावल व नाटक यांविषयीचा निबंध १८७२ चा. म्हणजे अद्भुत कादंबरी जेमतेम दहा-अकरा वर्षांची होते न होते तोच तिची झडती सुरू झाली. पुढे हरिभाऊ आपटे आले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ने प्रश्नच मिटवला. आम्हीही कादंबरीचा इतिहास याच क्रमाने शिकवतो : आधी अद्भुताचे बालपण, मग वास्तवाचे वयात येणे. हरिभाऊंच्या थोरवीविषयी वाद नाही. पण या क्रमामुळे एक प्रश्न विचारायचा राहून जातो. मराठी अद्भुत कादंबरी मागे पडली ती अद्भुत होती म्हणून, की तिच्या अद्भुताला कायदा नव्हता म्हणून? ‘मंजुघोषे’त विमान आहे. पण जे ते कल्पिते ते कोणत्या अटींवर चालते, याची बांधणी खत्रींच्या बगळ्याच्या तोडीची नाही. योगायोगावर योगायोग रचलेले अद्भुत वाचकाला काही काळ गुंगवते, पण त्याला सहभागी करून घेत नाही. आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. तसे असेल तर आपल्या वाङ्मयेतिहासातली ‘अद्भुतरम्य’ ही एकच पेटी फोडून तिचे निदान दोन कप्पे करावे लागतील.

खत्रींना या आक्षेपांची जाणीव होती. संभव-असंभवाची चर्चा त्यांच्या हयातीतच झडली. त्यांचे उत्तर साधे होते : या गोष्टींची खरे-खोटे अशी परीक्षा व्हावी म्हणून मी त्या लिहिल्या नाहीत, वाचन कुतूहल वाढवणारे व्हावे म्हणून लिहिल्या. कुतूहल हा शब्द त्यांनी विचारपूर्वक निवडला असावा. आश्चर्य वाटल्यावर माणूस तोंड उघडे ठेवून उभा राहतो, कुतूहल वाटल्यावर तो बगळ्याच्या पोटात काय आहे ते पाहायला वाकतो.

१९१३ साली ते वारले. त्याच वर्षी मराठीत नाथमाधवांची ‘वीरधवल’ प्रसिद्ध झाली आणि आपल्याकडच्या वाचकांनीही शिष्ट समीक्षेची परवानगी न घेता ती उचलून धरली. खत्रींची ‘भूतनाथ’ तेव्हा अर्धवट राहिली होती. पहिले सहा भाग लिहून झाले होते. उरलेले त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी पुरे केले आणि ते लहरी प्रेसमधूनच छापून निघाले.